कृपया नसलेली पाटी

डिझाइन शिकणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, मॅडम, तुमची प्रेरणा काय? मी चंद्रपूरची आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं. त्यामुळे उत्तरात जंगल येणार, वाघ येणार, बांबू येणार अशी त्यांची तयारी असते. मला अशा वेळी चीड येते. मी ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढले, कंपनीच्या बसने शाळेत गेले, आणि लहानपणी वाघ पाहिला तो किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर.

खरं सांगायचं तर मला शिकवलं बाबांनी. ते वीजकेंद्रात पेंटर होते. पाइपांना रंग द्यायचे, व्हॉल्व्हवर नंबर टाकायचे, धोक्याच्या पाट्या लिहायचे. रविवारी जुन्या पत्र्यावर मला अक्षरं काढायला लावायचे, मग तो पत्रा कंपाउंडच्या भिंतीला टेकवून आम्ही दोघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचो.

"वाच," ते म्हणायचे.

मी डोळे बारीक केले की ते परत जायचे आणि रॉकेलच्या फडक्याने सगळं पुसून टाकायचे. "जवळ जाऊन वाचा लागलं त तो माणूस वाचत नाई. दुरून वाचलं त वाचते."

कॉलेजातल्या सरांना मात्र माझी अक्षरं रुक्ष वाटली. "तुमच्या भागात एवढी समृद्ध आदिवासी कला आहे, ती तुमच्या कामात कुठे दिसत नाही?" त्यांनी अख्ख्या वर्गासमोर विचारलं. मी म्हटलं, सर, आम्ही आदिवासी नाही, बौद्ध आहोत. बाबा नोकरीला आहेत. त्यावर ते हसले. "ते ठीक आहे. पण मुळांकडे जा."

त्यांचा राग मला आजही आहे, पण त्याहून जास्त राग स्वतःचा आहे, कारण मी त्यांचं ऐकलं. दोनेक वर्षांत मी ठिपक्यांनी भरलेली हरणं, रेघांचे मोर, फुलांनी लगडलेले मोह इतक्या सराईतपणे काढू लागले की लोकांना वाटावं, ही पोरगी जंगलातच जन्मली. कुणाच्या तरी घरच्या भिंतीवरची कला मी पुस्तकांतून उचलली आणि माझी म्हणून विकली. कुणी विचारलं नाही. काम मिळत गेलं.

तसंच एक काम पुण्याच्या एका संस्थेचं आलं. माणूस आणि वाघ यांच्या सहजीवनाची मोहीम होती, आमच्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याकडच्या गावांत फलक लावायचे होते. त्यांच्या समन्वयक बाई माझ्याच वयाच्या, मला पहिल्या दिवसापासून 'डिअर' म्हणणाऱ्या. त्यांनी सांगितलं, "भीती नको. प्रेम दिसलं पाहिजे." मी प्रेम काढलं. वाघाचे अर्धे मिटलेले डोळे, पट्ट्यांमध्ये मोहाची फुलं, ओठांच्या कडेला हलकी मुरड, आणि खाली 'जंगल आपले, वाघही आपला'. त्यासाठी मी एकाही गावात गेले नाही. फोनवर आलेले फोटो पाहून काम केलं. फलकाचं फार कौतुक झालं, प्रदर्शनात लागला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला होता.

पुढच्या मोहाच्या हंगामात समन्वयक बाईंचा फोन आला. एका गावात माझ्या फलकाला कुणीतरी शेण फासलं होतं. "या लोकांना किंमतच नाही. तू तिकडचीच आहेस ना, जरा बोलून बघ."

मी गाडी काढली ती भांडायलाच. फलक गावाच्या तोंडाशी, रस्त्याच्या वळणावर होता. शेण फक्त वाघाच्या तोंडावर होतं. बाकीच्या फलकाला बोटही लागलेलं नव्हतं. कोणीतरी अगदी विचार करून, हात उंच करून फासलेलं होतं. समोरच्या घराच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि पन्नाशीची एक बाई त्यातला कचरा निवडत बसली होती.

"हे कोणी केलं?" मी रस्त्यावरूनच विचारलं.

"मीनं," ती मान वर न करता म्हणाली.

"काऊन?" कितीतरी वर्षांनी 'का' ऐवजी माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला.

"तुमी कोण?"

"हे चित्र मी काढलं आहे."

तेव्हा तिने वर पाहिलं. माझ्या सँडलपासून गॉगलपर्यंत नीट पाहिलं. "तुमीनं वाघ पाह्यला हाये का?"

"एकदा. सफारीच्या जिप्सीतून."

"मंग तो हासत होता का?"

तिने फुलांवरून हात फिरवला आणि शेजारच्याची म्हैस व्याल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं. आदल्या हंगामात तिची जाऊ पहाटे मोह वेचायला गेली. खाली वाकून वेचत होती. वाघाने मागून मान धरली. ही चार झाडं सोडून पलीकडे होती. टोपली टाकून ओरडत धावली, पण तोवर सगळं संपलं होतं. आणि तेरवी होऊन काही दिवस जातात न जातात तोच माणसं आली, खड्डे खणले आणि बरोबर तिच्या दारासमोर फलक उभा करून गेली.

"रोज सकाळी दार उघडलं का तो माह्याकडं पाहून हासते. माह्या जावेले खाल्लं, अन् हासून राह्यला." ती उठली. "अन् खाली लिवलं का, म्हने वाघही आपला. कोणाचा आपला? तुमचा असन त घेऊन जा."

मी बचाव केला. तो आठवला की अजून कानशिलं तापतात. मी म्हटलं, "बाई, लोकांनी वाघावर राग धरू नये, सूड घेऊ नये, म्हणून ते चित्र तसं आहे."

"वाघावर राग हाये म्हून कोणं सांगतलं तुमाले? वाघाले का समजते? तो जनावर हाये. आमचा राग या टीनावर हाये."

मग काय वाटलं कोण जाणे, तिने पदर खोचला. "चला, दाखवतो."

ती मला घरामागून घेऊन गेली. नाल्याच्या बांधावरून पायवाट होती, तिच्यावरून रस्ता दिसत नव्हता, फलक तर नाहीच. गावातल्या सगळ्या बाया याच वाटेने मोहाला, सरपणाला जातात. म्हणजे जिला सावध करायला हवं, तिच्या पाठीमागे फलक होता, आणि त्याचं तोंड होतं जंगल बघायला निघालेल्या गाड्यांकडे. जागेवर येऊन एकदा उभी राहिले असते तरी हे मला कळलं असतं.

थोडं पुढे वाटेत पळसाची एक फांदी आडवी टाकलेली होती. मी ती ओलांडायला पाय उचलला तशी तिने माझा दंड धरून मागे ओढलं.

"आज नाई जायचं."

"का?"

"कोणाले तरी वाघाचे पाय दिसले असन सकाळी. पानं हिरवी हायेत, म्हंजे आजचं हाये. सुकली असती त कालचं. वाळून गेली का खुशाल जा."

मी त्या फांदीकडे पाहत राहिले. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण स्वतःची तारीख स्वतः सांगणारी एकही खूण मला कधी सुचली नव्हती. आमचे फलक दहा वर्षं तेच ओरडत राहतात. चौथ्या दिवशी माणूस त्यांच्याकडे बघणं सोडतो, आणि आम्ही त्याला म्हणतो, लोकांना किंमत नाही. ही फांदी खोटी ठरायच्या आत वाळून जात होती. ज्या बाईने ती टाकली तिला कोणी डिझाइनर म्हटलं नसतं, आणि म्हटलं असतं तर तिने त्यालाही शेण फासलं असतं.

मी संस्थेला लांबलचक पत्र लिहिलं. फलक काढा, पायवाटांवर काय हवं ते बायांना विचारा, त्या सांगतील ते करा. चंद्रपूरच्या एका हॉटेलात बैठक झाली. फांदीची गोष्ट ऐकून समन्वयक बाईंनी टाळ्या वाजवल्या. "किती सुंदर! याची फिल्म करू. बाया ओळीने जातायत, फांदी ठेवतायत, वरून ड्रोन."

"आणि फलक?" मी विचारलं.

"ते राहतील, डिअर. देणगीदार भेटीला आले की दाखवायला लागतात."

टेबलाच्या टोकाला संस्थेचे एक गृहस्थ इतका वेळ फोनमध्ये होते. त्यांनी विचारलं, "पण फांदीवर आपलं नाव कुठे येणार?" मला वाटलं थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते.

मी म्हटलं, निदान त्या बाईच्या दारासमोरचा तरी काढा. एक काढला तर सगळीकडून मागणी येईल, असं उत्तर आलं. येऊ द्या, मी म्हटलं. मग माझा आवाज चढला. मी त्या गृहस्थांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एक शब्दही मागे घ्यावासा वाटत नाही. तिथेच काम सोडलं. वाघाखालचं माझं नाव काढा म्हणून दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. तो वाघ आता कॉफीच्या मगांवर आला आहे. लोक मला भेट म्हणून आणून देतात.

त्याच आठवड्यात मी पाना घेऊन गावात गेले. परवानगी कोणाची घेतली नाही. बाईने खालून आधार दिला, मी स्टुलावर चढून बोल्ट काढले, आणि वाघ खाली आला. टीन तिने शेळ्यांच्या गोठ्यावर टाकायला ठेवून घेतला. मी आभाराची वाट पाहत होते की काय, तिने एकदम विचारलं, "तुमी पाट्या लिवता ना? मंग मले एक लिवून द्या."

तिची अडचण वाघाची नव्हती. जाऊ गेल्यापासून जंगल बघायला जाणाऱ्या गाड्या तिच्या दारात थांबत होत्या. कोणीतरी हात करून सांगायचं, हेच ते गाव. लोक उतरायचे, झाड कुठलं विचारायचे, घराचे फोटो काढायचे. एकाने तर तिला म्हटलं होतं, मावशी, जरा इकडे बघा.

मी वही काढून लिहिलं : 'कृपया येथे छायाचित्रे काढू नयेत. ग्रामस्थांच्या भावनांचा आदर करावा.' तिला वाचून दाखवलं.

"कृपया म्हंजे?"

"म्हणजे हात जोडून विनंती."

"हात काऊन जोडायचे? ते हात जोडून येतेत का?"

मी कृपया खोडलं. भावनाही खोडल्या. तिने सांगितलं, मी लिहिलं. 'इथं आमची बाई मेली. गाडी थांबवू नका. फोटो काढू नका. निंगा.'

"'निघा' लिहू या," मी म्हटलं. "बाहेरच्यांना कळेल."

"मी निंगा म्हणतो. पाटी माही हाये."

पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं काढली. कोपरा रिकामा वाटला म्हणून हात आपोआप एका फुलाकडे वळला. ती मागूनच म्हणाली, "फूल नको." आणि मला कळलं की मी कुठलीही जागा भरल्याशिवाय सोडू शकत नाही, इतकी वाया गेले आहे.

वाघाच्याच रिकाम्या खांबांवर पाटी बसवली, पण तिने चमत्कार वगैरे झाला नाही. काही गाड्या हळू होऊन निघून गेल्या. काहींना 'निंगा' हा शब्द फार गोड वाटला, ते उतरून पाटीचेच फोटो काढू लागले. समन्वयक बाईंचा फोन आला. "ती पाटी तू लिहिलीस? भाषा फार आक्रमक आहे गं. पर्यटकांना काय वाटेल?"

"निघावंसं वाटेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांत पाटी नाहीशी झाली. कोणी नेली ते कळलं नाही, माझा संशय कोणावर आहे ते लिहून उपयोग नाही. बाईने शेजारच्या पोरीकडून फोन करवला, आणि या वेळी मी तिच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवरच लिहायला घेतलं. भिंत काही कोणी पाना लावून नेणार नाही. भर दुपार होती, रंग ब्रशवरच वाळत होता. मी तिसऱ्या ओळीवर असताना एक गाडी थांबली आणि खिडकीतून एक फोन बाहेर आला. बाई घरातून आली, माझ्या आणि गाडीच्या मधोमध उभी राहिली.

"वाचता येते ना?" तिने विचारलं.

आतला माणूस काहीतरी हिंदीत पुटपुटला. ती हलली नाही. काच वर गेली, गाडी गेली. मी उरलेला शब्द पूर्ण केला.

ती माझी मैत्रीण झाली असं मी कुठे सांगत नाही, कारण झाली नाही. तिने काळा चहा दिला, माझ्या हातावरचा रंग काढायला गोडंतेल दिलं, आणि निघताना म्हणाली, "दिवाळीच्या आंधी येऊन एक हात मारून जाजा. पोपडे निघते या भिंतीचे." दरवर्षी जाते. गेल्या वर्षी तिने 'फोटो' पुढे 'अन् व्हिडिओ' वाढवायला लावलं. ओळीत जागा नव्हती, तरी बसवलं.