पालथा तांब्या

थोरली काकू गेल्याचा निरोप घेऊन धाकटी काकू पूर्णगडाहून रत्नागिरीला माझ्या खोलीवर आली, आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "सुटली गो बाय!" मला संतापच आला. गावी पोचले तर थोरलीच्या तोंडाला घाबरून जी माणसं वर्षानुवर्षं आमची पायरी चढली नव्हती, तीच ओटीवर बसून तिच्या मायेचे गोडवे गात होती. आता महिना उलटलाय, तेव्हा सांगून टाकते... थोरली मायाळू नव्हती. खाष्ट होती. मला ती आवडत नसे.

मी सिकलसेलची. रक्तातल्या पेशी कोयतीसारख्या वाकतात, नसांत अडकतात, मग हाडं कुणी आतून ठेचावीत तशी दुखतात. आई मी तान्ही असतानाच गेली, वडील मुंबईला. माझे डोळे पिवळे दिसले की घरात कावीळ ठरायची. धाकट्या काकूने मला मांडीवर घेऊन, गोंजारत, पोटावर तापल्या सळीचे चटके देववले. ते डाग अजून आहेत... मायेने दिलेले! थोरलीने मात्र मला मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं: भरपूर पाणी, अंगाला ऊब, रोजची गोळी, ताप आला की थेट दवाखाना, आणि रोज डाव्या बरगडीखाली दाबून प्लीहा वाढली का बघायचं.

तिथे माझं बालपण संपलं. समुद्र दारात, पण गार पाण्यात पाय घालायची बंदी. पोरं पालखीमागे धावायची आणि मी ओटीवर तांब्या घेऊन. संपला म्हटलं तर विश्वास नाही. "पालथा घाल बघू." थेंब पडला की पुन्हा भरून हातात. सारखी लघवीला जाते म्हणून गुरुजींनी बाकावर उभं केलं, तर ही थेट वर्गात. "पानी कमी पडून पोर दुखन्यात पडली, तर तुम्ही निस्तरनार काय वो?" पोरांनी माझं नावच तांब्या पाडलं. घरी येऊन मी तो चिऱ्यावर आपटला. पोचा आला. तिने तोच भरून पुढे ठेवला. "मी मेल्यावर नको पिऊस. तवर पी."

एका शिमग्यात ताप चढला, पोट फुगलं. धाकटीने पुन्हा सळीवाल्याला बोलावलं. थोरली दारात आडवी झाली. "पोरीला हात लाव, तुलाच डागते." तिने माझ्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिली आणि मला उचलून रत्नागिरीची एसटी धरली. रक्त चढवलं, मी वाचले. वाटेत जवळ घेणं नाही, धीराचा शब्द नाही. एवढंच... "रडून पानी घालवू नको."

दहाव्याला आमच्याकडे बायका खाडीवर जात नाहीत. मी भांडून गेले. पिंडाला कावळा शिवेना. नातेवाईक हात जोडून कबूल करू लागले, पोरीला अंतर देणार नाही, फुलासारखी जपू. कावळा जागचा हलेना. शेवटी मीच चिडून ओरडले, "पिईन गो पाणी! रोज पिईन!" तरी नाहीच. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा लागला.

मला नवल वाटलं नाही. माझ्या नुसत्या बोलण्यावर तिने विश्वास ठेवला होता कधी? घरी आले, पोचा आलेला तांब्या भरला, उभ्याउभ्या संपवला आणि तिच्या पाटासमोर पालथा धरला.

एक थेंब पडला. मी पुन्हा भरला.