एक शून्य कमी

हॉस्पिटलचा सर्व्हर काका अठरा वर्षं सांभाळत होते. पण नवी इंजिनिअर आली आणि साहेब ऊठसूट तिचंच कौतुक करू लागले. काकांच्या पोटात दुखायचं.

त्या दुपारी सर्व्हरवर एका वेळी किती फाइली उघडता येतील याची कर्नलमधली, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातली, मर्यादा वाढवायची होती. तिने जुना आकडा वहीत उतरवला, नवा चाचणीच्या मशीनवर चालवून पाहिला.

"आधी फक्त चालू सिस्टिममध्ये बदलते. बिघडलं तर रीस्टार्टनंतर जुना आकडा परत येईल. नीट चाललं की मगच सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचा लिहीन."

काका मागे उभं राहून चूक शोधत होते. सापडेना, तसा जळफळाट वाढला. तेवढ्यात तिने टाइप केलेल्या आकड्यात त्यांना एक शून्य कमी दिसलं. एंटर दाबलं असतं तर सगळे रिपोर्ट अडकले असते. बरी जिरेल, असं वाटून त्यांना क्षणभर गुदगुल्या झाल्या. पण वॉर्डात पेशंट होते.

"थांब! शून्यं मोज."

साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "पोरगी शहाणी! शेजारी जाणता माणूस उभा करून काम करते."

घरी बायको म्हणाली, "मग खरं सांगायचं ना त्यांना!"

"काय सांगू? जळत उभा होतो म्हणून?"