राखणदाराचा दहाचा पाना

देव आहे की नाही, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नाही. माझी श्रद्धा डळमळली ती दहा मिलिमीटरच्या, म्हणजे दहाच्या पान्यामुळे. ज्यांना आपली दुचाकी आपणच खोलायची खोड आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. आठचा पाना असतो, बाराचा असतो, चौदाचे तर दोन-दोन असतात. दहाचा तेवढा कधी जागेवर नसतो. आणि गाडीचे निम्मे बोल्ट मेले दहाचेच. माझा चांगला ठणठणीत पाना एका वर्षी इब्रामपूरच्या जत्रेच्या दिवशी नाहीसा झाला. त्यावरून आमच्या घरात वर्षभर जे महाभारत झालं, त्याचा शेवट कसा झाला ते सांगायला बसलो आहे. हसायचं तर खुशाल हसा.

मी मुळगावचा, नोकरी वास्कोला बंदराच्या कचेरीत. पन्नाशी आली की आमच्याकडे कुणी भजनाला लागतो, कुणी नदीवर गरी टाकून बसतो. मी अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली. उंच, डोंगर चढणारी, नदीनाल्यातून जाणारी. गाडी मुळात झकास होती, पण मला स्वस्थ बसवेल तर ना! मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि रविवारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, सामान पसरून बसायचं. इंजिनाच्या पोटाखाली पत्रा हवा होता, तो मी बायकोच्या पिठाच्या डब्याचं झाकण ठोकून केला. चेन साफ करायला तिचाच दातांचा ब्रश. पुढे सहा जादा दिवे, मोबाइलचा चार्जर आणि शेवटी, पाना हरवल्यानंतरच्या वर्षात, ट्रकला असतो तसला हवेचा भोंगा. भोंग्याची टाकी ठेवायला जागा होईना, म्हणून सीटखालची हत्यारांची पिशवी काढली आणि घरी जनेलावर, म्हणजे खिडकीत, ठेवून दिली. मालन, म्हणजे माझी बायको, येता-जाता म्हणायची, "गाडयेक आता एक मुंडावळी तेवढी बांधा, वरात काढूक बरी."

सहा दिवे बसवण्यापूर्वी मी गावच्या देवळात कौल लावला होता, हेही लपवत नाही. आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय करत नाहीत. मूर्तीला पाण्यानं फुलाची कळी चिकटवायची, भटानं गाऱ्हाणं घालायचं. कळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. भटजी म्हणाले, "लग्नाचो कौल घातलंय, विहिरीचो घातलंय. दिव्यांचो पयलोच." कळी डावीकडे पडली. मी म्हटलं, सहा जास्त झाले असतील, चार विचारा. पुन्हा डावी. मग मी जरा चिडूनच विचारायला लावलं, की गाडीवर काहीच चढवू नये असं देवाचं म्हणणं आहे का? कळी टपकन उजवीकडे! भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. तिथे पंखा फिरत होता. वाऱ्यानं कळी कुठेही पडणारच, असं मनाशी ठरवून मी घरी आलो आणि सहाही दिवे बसवले.

आता पान्याचं. मालनचं माहेर इब्रामपूर. दर वर्षी जत्रेला तिचा भाऊ गुणाजी मोटार घेऊन बहिणीला न्यायला यायचा, आणि दुपारच्या आरतीआधी ती देवीची ओटी भरायची. लग्न झाल्यापासून तिची ही ओटी चुकलेली नाही. पाना हरवला त्या वर्षी मी त्यांच्या मोटारीमागून माझ्या गाडीवर गेलो होतो. तिथे मंडपाचं काहीतरी ढिलं झालं म्हणून गुणाजीनं माझी हत्यारांची पिशवी मागून नेली. पिशवी परत आली, दहाचा पाना आला नाही. मी चारचौघांत त्याला बोललो. तो म्हणाला, "भावजी, देवीशपथ, माका तो दिसलोच नाय." मी म्हटलं, मग काय पाना पाय फुटून गेला? तेव्हापासून त्याचं आमच्याकडे येणं बंद, फोन बंद. माझीही जिद्द अशी, की नवा पाना आणला तर त्याची चोरी मीच माफ केल्यासारखी होईल, म्हणून आणला नाही. पकडीनं बोल्ट पिळत बसायचो. गणपतीला गुणाजी आला नाही तेव्हा मालननं त्याच्या वाटणीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, डब्यात भरून ठेवल्या, त्या बुरशी येईपर्यंत.

पुढची जत्रा आली. गुणाजी न्यायला येणार नव्हता. मी ऐटीत म्हटलं, मी नेतो तुला बाइकवर. तिनं मला देव्हाऱ्यासमोर उभं केलं. "माझी ओटी चुकली तर दुसऱ्या दिसा ही गाडी विकूची. हात लावन सांगा." मी देव्हाऱ्याला हात लावून सांगितलं.

सकाळी निघालो. ती रेशमी लुगड्यात, केसांत अबोलीचा वळेसर, मांडीवर ओटीची पिशवी. तिला म्हटलं, तुझा मोबाइल कशाला, माझ्या गाडीवर चार्जर आहे. अस्नोडा मागे पडला, मग काजूच्या बागा, मग रान. इब्रामपूर थोडंच राहिलं असताना वाटेत राखणदाराची घुमटी, म्हणजे छोटंसं देऊळ, लागते. राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा. रात्री हातात काठी, खांद्यावर कांबळं घेऊन फिरतो म्हणतात. चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक नव्या वहाणा वाहतात. विडी, मेणबत्ती, जाड भाकरीचा रोट, जे ज्याला सुचेल ते. ट्रकवाले भोंगा वाजवून सलाम करतात. मीही भक्तिभावानं भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा एकदाच "भों" म्हणाला आणि गाडी मेली. दिवा नाही, काटा नाही, काही नाही. सलाम झाला आणि प्राण गेला.

सीट उघडली. बॅटरीच्या एका बोल्टवर मी चार्जरची, भोंग्याची, दिव्यांची, सगळ्यांच्या तारांची चवड रचली होती. त्या भाराखाली गाडीची मूळ तार सैल होऊन काळी पडली होती. बोल्ट पकडीनं पिळून पिळून आट्यांत तिरका बसलेला. बोटांनी हलेना, आणि पकड घरी जनेलावर. बोल्ट अर्थातच दहाचा. मोबाइल पाहिला तर माझ्या हातच्या चार्जरनं त्याला भरवायचं सोडून होतं नव्हतं ते पिऊन टाकलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. जत्रेला जाणारे सगळे आधीच पोचले होते. मालन दगडावर बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "गुणाजी वाट बघीत रवलो आसतलो." तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. गाडीसाठी नाही. त्या बाईची एवढ्या वर्षांची ओटी मी एका भोंग्यापायी घालवत होतो. मी घुमटीकडे वळून हात जोडले आणि म्हटलं, बाबा, माझी अक्कल संपली, आता तू बघ.

डोकं वर केलं तर वहाणांच्या आणि विड्यांच्या मध्ये, मेणबत्त्यांच्या मेणात अर्धा बुडालेला, एक पाना पडलेला. मी वाकून पाहिलं. दहाचा. उचलायला गेलो, आणि लगेच हात मागे घेतला. कारण राखणदाराचं काही उचलायचं नसतं. तिथली सुपारीसुद्धा कुणी नेत नाही. नेली तर तो ती मागायला दारात येतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. समोर पाना, आणि हात लावायची छाती नाही!

मालन उठली. वळेसरातली एक अबोली तोडली, बाटलीतल्या पाण्यात भिजवली आणि घुमटीतल्या दगडाला चिकटवली. मग पदर खोचून तिनं गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, म्हाराजा! ह्या माझ्या घोवान गाडयेची काय दशा केली हा, ती तुका दिसताच आसा. पानो तुझो. आमी चोरूक नाय, उसनो घेतंव. काम झाला की हयच तुझ्या पायांकडे ठेवतंव, आनी वर्साक रोट देतंव. राजी आसशीत तर उजवो दी, म्हाराजा!" गाऱ्हाण्याला हुंकार द्यायला गावकरी लागतात. तिनं माझ्याकडे डोळे वटारले. "म्हणा की!" मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" दोघं फुलाकडे बघत उभे राहिलो. अबोली जरा घसरली, थांबली, आणि अलगद उजवीकडे पडली.

तिथे पंखा नव्हता.

मग मी कामाला लागलो. मेण फोडून पाना काढला, बोल्टाला लावला. कर्रकन आवाज करून बोल्ट सुटला. एकेक तार सोडवू लागलो. चार्जर गेला, दिवे गेले, भोंगा गेला, आणि मालन एकेक वस्तू पिशवीत टाकताना म्हणत होती, "बरे दिवे लावलात!" शेवटी बॅटरीवर गाडीची मूळ तार तेवढी उरली. ती घासून घट्ट केली, बटण दाबलं. पहिल्या दणक्यात गाडी सुरू!

पाना परत ठेवण्याआधी पुसून ठेवावा म्हणून मालननं हातात घेतला. दांड्यावर मेणाचा थर होता, तो तिनं नखानं खरवडला, आणि तिचा हात थांबला. आत लाल पट्टा होता. माझी हत्यारं दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकावर तसा पट्टा ओढलेला आहे.

"ह्या माझ्या नखांचा पॉलिश मां?" ती म्हणाली. "ती कुपी मी दोन वर्सां सोधतंय!"

पॉलिश राहिलं बाजूला. मला त्या वर्षीची सकाळ लख्ख आठवली. याच जागी थांबून मी नंबराच्या पाटीचा बोल्ट आवळला होता. हात जोडायचे म्हणून पाना घुमटीच्या कट्ट्यावर ठेवला, नमस्कार केला, आणि तसाच निघून गेलो. कुणीतरी तो वाहिलेला समजून आत सरकवला असणार. वर्षभर त्या रस्त्यानं किती ट्रक गेले, किती गाड्या बिघडल्या असतील. पण पान्याला कुणी बोट लावलं नाही. दुसऱ्या कुठल्याही कट्ट्यावर तो दुपारपर्यंतसुद्धा टिकला नसता. आणि मी देवीची शपथ घेणाऱ्या माणसाला चोर ठरवून बसलो होतो.

माझाच पाना म्हणून हात पुढे झाला, हे कबूल करतो. मालननं पाना मागे घेतला. "वर्सभर कोणी राखलो? तुमी की त्याणी?" मी तिच्याकडून घेऊन पाना जिथे होता तिथे ठेवला, डोकं टेकलं. डोकं उचललं तेव्हा का कोण जाणे, फार हलकं वाटलं.

देवळाशी पोचलो तेव्हा आरतीच्या घंटेला हात लागत होता. ओट्यांच्या रांगेत अगदी पुढे गुणाजी उभा, अवघडलेला, मागच्या बायकांची बोलणी खात. बहिणीसाठी जागा धरून होता. मालननं ओटी भरली आणि भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून तिथेच रडली. मी खांबाआड. शेवटी मीच पुढे झालो. म्हटलं, "गुणाजी, माझा..." त्यानं मला बोलू दिलं नाही. सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "घेया भावजी. मी व्हरूक नाय हां तुमचो पानो, देवी साक्ष आसा. पण ह्यो घेया. एका पान्यापायी माझी भयण माका तुटली." उघडलं तर दहाचा नवाकोरा पाना.

मी कसंबसं सांगितलं, "अरे, तो मिळाला. राखणदाराकडे होता. चूक माझी." त्यानं कसा, केव्हा, काही विचारलं नाही. घुमटीच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि म्हणाला, "मगे बऱ्या जाग्यार आसलो," आणि आम्हाला जेवायला घेऊन गेला.

हा चमत्कार का, ते मला ठाऊक नाही. विसरलेली वस्तू विसरल्या जागी सापडली, इतकंच कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण माझ्या हातात होतं ते मी हरवलं, आणि त्याच्या पायाशी राहिलं ते वर्षभर सुखरूप राहिलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जे धरून बसलो होतो ते सोडल्यावरच मला नवं मिळालं, पान्यासकट मेहुणा मिळाला. गाडी आता कंपनीनं दिली तशी आहे. पोटाखाली डब्याचं झाकण तेवढं राहिलं, कारण ते आता डब्याला बसत नाही. नव्या पान्यावर लाल पट्टा मालननंच बाल्कांवात बसून ओढला, आणि उरलेलं पॉलिश स्वतःच्या नखांना लावलं.

यंदाच्या जत्रेला गुणाजी पूर्वीसारखा मोटार घेऊन बहिणीला न्यायला आला. मी मुकाट्यानं बाइक बाजूला घेतली. मालन ओटीची पिशवी आणि राखणदाराचा रोट घेऊन बाहेर आली, भावाच्या मोटारीचं उघडं दार तिनं लावलं आणि म्हणाली, "तू हो फुडे. आमची वाटेत एक भेट आसा." आणि पदर खोचून माझ्या मागे बसली.