खरी की शाळेतली?

समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत मावशी विचारायच्या, "जन्मतारीख खरी की शाळेतली?" नाव, पत्ता, दुखणं हे सगळं नंतर. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात त्या दर शनिवारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वतीनं फुकट सल्ला द्यायला बसत. पासष्टी गाठलेल्यांनी सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, नाव कधी आणि कसं नोंदवायचं, हा त्यांचा विषय. अमेरिकन म्हातारे त्यांचा प्रश्न ऐकून गोंधळत. आपले लोक ओशाळून हसत. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राला एक जूनलाच जन्माला घालायची कामगिरी हेडमास्तरांनी एकहाती पार पाडली होती ना! तारीखवाल्या मावशी हे नाव त्यांना पडलं ते यामुळंच.

मी त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसत असे. नागपूरला आमच्या घरी खुर्च्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते, कारण बाबा कामगार संघटनेचे. त्यामुळे पत्रक दिसलं की मला अजून भरून येतं. पण या सरकारी विम्याचे प्लॅन खासगी कंपन्याही विकतात, आणि त्यांची पत्रकं हे निराळंच वाङ्मय आहे. मुखपृष्ठावर रुपेरी केसांचं जोडपं टेनिस खेळत असतं, आणि ते इतकं ठणठणीत असतं की यांना विमा कशाला हवा, असा प्रश्न पडावा. आतल्या पानांवर जिम फुकट, चष्मा फुकट. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं की हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर आधी कंपनीची परवानगी घ्या. म्हणजे धावायला मोकळीक आणि धाप लागली तर अर्ज!

मावशी पर्समधून भिंग काढत आणि प्रत्येक पत्रक मागून वाचत. "पुढची पानं आपल्यासाठी लिहिलेली असतात गं," त्या म्हणत, "मागचं वकिलांसाठी. वकिलांशी कोण खोटं बोलेल?"

'अमुक प्लॅन घ्या' असं सांगायला त्यांना नियमानं बंदी होती. मावशींनी नियम कधीच मोडला नाही. त्या फक्त माणसाला त्याच्याच डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर लावून देत, फोन स्पीकरवर टाकत आणि त्यालाच विचारायला लावत, "तुमच्याकडे हा प्लॅन चालतो का?" पलीकडून "नो, सर" आलं की मावशी त्या टेनिसवाल्या जोडप्याकडे फार दुःखानं बघत. "बिचारे. आता तुमच्याशिवाय खेळावं लागणार त्यांना."

गेल्या ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तायडे काका केंद्रात आले, तेही काकूंना योगाच्या क्लासला सोडायला. मूळचे अकोल्याचे. इथं वीस वर्षं गाड्यांच्या भागांची डिझाइन्स केली. दोन वर्षांपूर्वी नोकरी सुटली, तेव्हापासून कामचलाऊ विमा होता आणि तोही महिनाअखेर संपणार होता. हृदयाची एक झडप लवकर बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काय तायडे भाऊ, नाव नोंदवलं?" मावशींनी हाक मारली.

"टाइम आहे ना ताई अजून. नोव्हेंबरमध्ये होतो मी पासष्टचा. त्रिपुरी पौर्णिमेचा जन्म आहे आपला."

"ही खरी की शाळेतली?"

"ही खरी. शाळेतली एक जून. सगळ्यांचीच असते."

मावशींनी पेन खाली ठेवलं. जन्माचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, एवढीच पहिल्या नोंदणीची मुदत. त्यातही गंमत अशी की एक तारखेला जन्मलेल्या माणसाचं वय सरकारच्या लेखी आदल्या दिवशीच पुरं होतं. म्हणजे हेडमास्तरांनी जूनमध्ये जन्माला घातलेल्या काकांना सरकारनं आणखी मागं, मे महिन्यात ओढलं होतं. म्हणजे मुदत या ऑगस्टअखेर, दोन-चार दिवसांतच संपत होती. ती हुकली तर पुढचं दार जानेवारीत उघडणार. तोवर झडपेनं शिस्तीत रांगेत थांबावं, अशी सरकारची माफक अपेक्षा.

काका मात्र भडकले. "म्हणजे माझी आई खोटं बोलली का? देवळात दिवे लागले न् तू झाला, असं सांगायची ती. त्या मास्तरच्या तारखेवर मी म्हातारा होत नाही. नोव्हेंबर म्हणजे नोव्हेंबर!"

"आईची तारीख शंभर टक्के खरी," मावशी म्हणाल्या. "पण पासपोर्ट मास्तरांच्या तारखेवर चालतो, भाऊ." मग म्हणाल्या, "आमचे हे दसऱ्याचे. शाळेतली एक जून. तेही दसऱ्याची वाट बघत बसले न् मुदत गेली. मग पोटात दुखायचं ते दाखवायलासुद्धा विमा सुरू होईपर्यंत थांबले. सुरू झाला. पहिल्याच तपासणीला डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय."

तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते. हे मला ठाऊक नव्हतं.

काकांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एका बोटानं त्यांनी एक जून टाइप केलं. प्रत्येक आकडा असा हाणला की मास्तरांच्या डोक्यातच बसावा.

सप्टेंबरात विमा सुरू झाला आणि महिनाअखेर झडप बदलली. ऑक्टोबरात मावशी लेकीकडे प्लेनोला राहायला गेल्या. हे प्लॅन काउंटीगणिक बदलतात, म्हणजे इथलं त्यांचं सगळं पाठांतर टेक्सासमध्ये शून्य. आजारपण मात्र दोन्हीकडे सारखंच असावं, असा माझा अंदाज. निघताना त्यांनी भिंग माझ्या हातात ठेवलं. "मी तिकडे नवं घेईन. तिकडचं मागचं पान कदाचित आणखी बारीक असेल."

नोव्हेंबरात प्लॅन बदलायचा हंगाम असतो, त्यामुळे टेबल रोज मांडावं लागतं. त्रिपुरी पौर्णिमेला तायडे काका स्वतः गाडी चालवत आले आणि पेढ्यांचा डबा समोर ठेवला.

"काका, भेटवस्तू घ्यायची नाही, असा नियम आहे."

"वाढदिवस आहे पोरी, लाच नाही. फोन लाव ताईला."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "ताई, आज झालो मी पासष्टचा. खराखुरा."

"आईची तारीख गाठलीत, भाऊ," मावशी म्हणाल्या.

"आज एक पेढा आमच्या ह्यांच्या नावानंही खा." दसरा होऊन महिनाच झाला होता.