जिलेटिनच्या वड्या आणि केळुसकर बाई

चित्रकलेच्या तासाला वर्गात पाऊल टाकल्याबरोबर केळुसकर बाई ओरडत, "हात मागे!" बेचाळीस पोरं हात पाठीशी बांधून बसत आणि तासभर बाईंचे हात बघत. चित्रकलेचा तास आहे आणि कुणी चित्र काढत नाही, हा प्रकार मी जगात फक्त त्यांच्याच वर्गात पाहिला. पण गंमत अशी, की पोरांची कधी तक्रार नसे. बाई काम करायला लागल्या की बघत राहावं असंच ते काम असे. बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी ती आरोळी आठवली की माझे हात आजही आपोआप मागे जातात.

मुलुंडच्या त्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा पंच्याऐंशी साल असेल. मी विज्ञानाची. पण कार्यानुभवाचे तास घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि नव्या बाईला नाही म्हणायची सोय नसते. नोकरी एका वर्षाच्या बोलीवर. वर्षअखेर तपासणीला साहेब येणार, माझा तास बघणार आणि मग ठरणार, मी कायम की घरी. यांची कंपनी भांडुपला होती, ती आठ महिने बंद. मी कायम झाले नसते तर घरात एकाचीही नोकरी उरली नसती. आणि मला तर साधं मांजर काढता येत नव्हतं. एकदा फळ्यावर काढलं, तर पहिल्या बाकावरची पोरगी कौतुकाने म्हणाली, "बाई, गाढव मस्त आलंय!"

दारातून केळुसकर बाईंनी ते ऐकलं असावं. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सुमन, तुझ्या हाताचं काही खरं नाही. रविवारी घरी ये. तुला थाळा शिकवते."

थाळा म्हणजे वड्या थापायचा आपला नेहमीचा थाळा, पण बाईंच्या घरी त्यात जिलेटिन थापलेलं असे. पूर्वी शाळेत प्रश्नपत्रिकांच्या प्रती जिलेटिनवरच काढत. सायक्लोस्टाइल आलं आणि ती विद्या अडगळीत गेली. बाईंनी ती तिथून उचलली आणि चित्रांना लावली. गरम पाण्यात जिलेटिन विरघळवायचं, बरोबरीने ग्लिसरीन घालायचं, म्हणजे ते लवकर सुकत नाही, नासत नाही. मग सावकाश थाळ्यात ओतायचं. वर बुडबुडे आले की वर्तमानपत्राच्या पट्टीने अलगद ओढून काढायचे. "बुडबुडा म्हणजे घाईची सही," असं त्या म्हणत, आणि एक जरी दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे.

घट्ट झालेल्या त्या गुळगुळीत लादीवर रुळाने रंगाचा पातळ हात द्यायचा, त्यावर झाडाचं पान ठेवायचं, वर कागद, आणि तळहाताने दाबून उचलायचं. कागदावर रंगात पानाची कोरी जागा उमटे. मी म्हणाले, "वा, झकास!" तर बाई म्हणाल्या, "थांब. पहिला ठसा हावरा असतो, दिसेल तेवढा रंग गिळतो. दुसऱ्याची वाट बघावी." मग पान उचलून त्यांनी दुसरा कागद ठेवला, आणि त्याच्यावर त्या पानाची शीर न् शीर उतरली होती. असले ठसे कापून, जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवून, कडेने रंगीत दोऱ्याचे टाके घालून बाई भेटकार्डं करत. ती बघून माझ्या जिवात जीव आला. यात मांजर काढावं लागत नव्हतं.

फक्त एक अडचण होती. बाई मला हात लावू देत नव्हत्या. तीन रविवार मी नुसती बघत होते. "बघ गं. बघून येतं," एवढंच. एकदा कुकरची शिट्टी झाली म्हणून त्या आत गेल्या, तेवढ्यात मी चोरून एक ठसा काढला. परत येऊन त्यांनी तो उजेडात धरला. "बरा आलाय," म्हणाल्या, "पण विचारलं होतंस का?" आणि तेच पान घेऊन त्यांनी तोच ठसा पुन्हा स्वतः काढला. माया इतकी, की मला वाढल्याशिवाय जेवायच्या नाहीत. पण रूळ म्हणाल तर तो हातातून सुटायचा नाही.

तपासणीचा बेतही त्यांनीच आखला. मी टेबलावर छापायचं, मुलांनी हात मागे बांधून बघायचं. थाळा मात्र माझा मीच करायचा. "माझा थाळा मी माझ्या बापालाही देणार नाही." तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पहिल्यांदाच एकटीने जिलेटिन ओतलं. एकही बुडबुडा नाही. थाळा फ्रिजमध्ये ठेवला आणि निवांत झोपले.

सकाळी आंघोळ करून येते तो सासूबाई ओट्याशी उभ्या. "गो सुमन, तुजा चायना ग्रास बरा इला हा. मी वडये पाडून ठेयलंय. पण साखर कमी पडली, आणि वेलची घालूक इसारलंस."

मी थाळ्यात बघितलं. सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारून अख्ख्या लादीच्या सुबक चौकोनी वड्या. एक कमी.

"तुम्ही खाल्लीत?"

"तोंडात घातलंय, मगे थुकलंय. रबरासारखी लागली."

शाळा साडेबाराची, साहेब दोनला येणार. नवं ओतून घट्ट व्हायला वेळ कुठला? माझी पार वाट लागली होती. थाळ्यावर पदर टाकला आणि रडत बाईंचं घर गाठलं.

बाई आधी भडकल्या. "सुरी लावली? जिलेटिनला?" मग एक वडी उचलून त्यांनी पाटीवर ठेवली, बोटाने पोस्टर कलर लावला, चिंचेचं एवढंसं पान ठेवून कागद दाबला. ठसा स्वच्छ आला. दुसरा त्याहून सुंदर.

"किती वड्या आहेत?"

मी मोजल्या. "चव्वेचाळीस."

"आणि पोरं बेचाळीस. मग रडतेस कशाला? एकेकाला एकेक दे."

"पण बाई, तुम्ही तर हात मागे..."

"माहीत आहे गं मला," त्या तुटकपणे म्हणाल्या. "चल, उशीर होतोय."

त्या दुपारी प्रत्येक पोरासमोर पाटी होती आणि पाटीवर एक वडी. बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. एका मुलाने रंग थापलेला बघून त्या दोनदा उठल्या आणि दोनदा आपणहून खाली बसल्या. साहेब आले तर त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघेना. एक पोरगी तर त्यांना म्हणाली, "सर, जरा सरका ना, उजेड अडतोय." साहेब निमूट सरकले. मग एका मुलाच्या कागदावर वाकून म्हणाले, "छान झालंय की!" त्याने मानही न वळवता सांगितलं, "हा हावरा आहे सर. थांबा, दुसरा येऊ दे." साहेब थांबले. दुसरा येईपर्यंत कंबरेत वाकून उभे राहिले.

तीन आठवड्यांनी कायम केल्याचं पत्र हातात पडलं. छातीवरचा धोंडा उतरला. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरा झाला साखर कमी पडली ती. नायतर एकव वडी उरली नसती." जिलेटिन जनावरांच्या हाडांचं करतात, ते मात्र मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पत्र घेऊन मी बाईंकडे धावले. त्यांनी ते दोनदा वाचलं, आत गेल्या आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या तपासणीचा अहवाल होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा. खाली शेरा होता: 'शिक्षिकेचे हस्तकौशल्य उत्तम. विद्यार्थी स्वस्थ बसून पाहतात.'

"मला कायम केलं नाही तेव्हा," बाई म्हणाल्या. "मी अजून अर्धवेळच आहे. तुला माहीत नव्हतं?"

मला खरंच माहीत नव्हतं. अख्ख्या शाळेत त्याच सगळ्यांत जुन्या, म्हणून मी त्यांनाच सर्वांत पक्क्या समजत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नकोस गं. एकोणीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. म्हटलं, मेल्याला माझं काम कळलंच नाही. तुझ्या तपासणीला मागच्या बाकावर बसले आणि बघितलं, पोरं कशी रमली होती." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्याने बरोबर लिहिलं होतं, सुमन. इतकं बरं वाटतंय मला. किती वर्षं भांडत बसले होते मी त्याच्याशी!"