रान काढलं

पाहुण्यांसाठी बांधलेल्या मातीच्या खोल्यांमागच्या उघड्या उतारावर तीन वर्षं आम्ही रान वाढवत होतो. आज बाजारातून आले, तर कंबरेएवढी झालेली ऐन, किंजळ, कुंभ्याची रोपं आडवी पडलेली. शेजारच्या शेवंतामावशी कोयता टेकून कौतुकाची वाट पाहत उभ्या होत्या.

"वयनी, सगळा रान काढून टाकलंय!"

रागवणार तरी कुणावर? चूक माझीच. "मागे जरा साफ करा," एवढंच सांगून गेले होते. इथे आंबा-काजू लावतात. रान नुसतं माजतं, आणि माजलं की काढतात. रान म्हणजे जंगल, हे उराशी धरून शहरातून आले होते ती मीच.

चहा घेऊन दोघी उतारावर बसलो. मावशींनी पदराने वारा घेतला.

"वयनी, हंय एखादा झाड लावा. सावलीच नाय."