रूथची रिकामी जागा

रूथ दोन रविवार चर्चला आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. आमच्या तरुण संघातली ही बावीस वर्षांची मुलगी. मी या संघातल्या मुलामुलींना बायबल शिकवते. तिचे डोळे सुजले होते.

“ताई, माझं ज्याच्यावर प्रेम आहे, त्यानं लग्नाला नकार दिला.”

मी तिच्या शेजारी बसले. डोळे पुसत तिनं विचारलं, “तुमचं तर लग्नच झालेलं नाही. तुम्हाला प्रेम कळतं?”

त्यात टोमणा नव्हता, निव्वळ कुतूहल होतं.

“नीटसं नाही,” मी म्हणाले. “पण रविवारी तुझी रिकामी जागा दिसली आणि माझं उपासनेतलं लक्षच उडालं. त्याला काय म्हणायचं?”

मग मलाच प्रश्न पडला, या जिव्हाळ्याला आपल्याकडे वेगळं नाव का नसावं?

रूथनं उठून दोघींसाठी चहा टाकला. दारात उभी असलेली तिची आई मला हळूच म्हणाली, “कालपासून तिनं चहासुद्धा घेतला नव्हता.”